सात नंबरचा गुडघा

२८ सप्टेंबर

काल जांभळ्यांची या हंगामातली पहिली मॅच झाली. हरले. पहिल्यांदाच मी एकटीनं पाहिली.

वाचायला मी कल्याणच्या पुस्तकांवरून शिकले, तो शाळेत जायला लागला तेव्हा. लिहायची सवय मात्र नाही. पण संध्याकाळी चार गोष्टी ज्यांना सांगायच्या ते जूनमध्ये गेले, आणि सांगितल्याशिवाय माझा दिवस मिटत नाही. म्हणून लिहिते.

कल्याण माझा एकुलता मुलगा. तो आयर्लंडमध्ये एका रग्बी संघात फिजिओ आहे. मैदानात कुणी पडलं की बॅग घेऊन पळत जायचं, हातपाय तपासायचे, पट्टी बांधायची, आणि तू खेळ किंवा तू बाहेर चल, ते सांगायचं. संघाचं नाव मला नीट म्हणता येत नाही. त्यांचे कपडे जांभळे, म्हणून घरात आम्ही त्यांना जांभळे म्हणतो. कल्याणनं त्याच्या खात्यावरून मॅच माझ्या मोबाईलवर दिसायची सोय करून दिली आहे. सगळ्या मॅचमध्ये तो दोन-तीनदा दिसतो. काळी टोपी, पाठीवर बॅग, पळताना डावा खांदा थोडा खाली. तेवढ्यासाठी मी सगळं बघते.

हे जवानीत कबड्डी खेळायचे. जाफराबादच्या संघाला तेव्हा सगळ्या तालुक्यात मान होता. डावा गुडघा त्यातच गेला. रग्बी बघायला लागल्यावर यांनी जांभळ्यांना आपल्या जुन्या गड्यांची नावं देऊन टाकली. दाढीवाला तो भुजंग. पंचाशी भांडतो तो संपत. ताडासारखा उंच तो अंगद. आणि सात नंबरचा एक सडपातळ पोरगा आहे, डाव्या गुडघ्याला पट्टी बांधून खेळतो. पडला की लगेच उठतो आणि कुणी पाहिलं तर नाही ना, असं इकडेतिकडे बघतो. त्याच्यावर बोट ठेवून हे म्हणाले होते, "हा मी."

मी त्याला सात नंबरच म्हणते. यांचं नाव मी लग्नात उखाण्यात घेतलं, तेवढंच. त्यानंतर तोंडातून कधी निघालं नाही.

१२ ऑक्टोबर

पुन्हा हरले. पुतण्याची बायको मीना शेजारच्या घरातून आली होती, शेंगा फोडत बघत बसली.

"काकू, हे काय खेळून राह्यले? पळायचं पुढं अन् चेंडू द्यायचा मागं?"

"तसाच नियम आहे."

"मंग आपले कल्याणभाऊजी बराबर जागी गेले. त्यांचं बी तसंच. सोताच पुढं पळाले, माघं काय द्यायचं ते फोनवर."

मी मोबाईलचा आवाज वाढवला. तिच्या लक्षात आलं असावं, कारण जाताना शेंगांची टरफलं तिनं स्वतः झाडून नेली. एरवी नेत नाही.

२१ ऑक्टोबर

लक्ष्मीपूजन. आमच्याकडे वर्ष पाळायचं आहे, म्हणून तळण नाही, आकाशकंदील नाही. भारतनं, म्हणजे पुतण्यानं, तरीही उंबऱ्यावर एक पणती ठेवली. म्हणाला, "काकाला अंधारात दिसत नव्हतं, काकू. एक राहू द्या."

कल्याणचा फोन आला. तिकडे पाऊस आणि गार वारा. बोलता बोलता म्हणाला, "आई, वर्षश्राद्धाला मी येणार म्हणजे येणार. दुसऱ्या कुणाला बसू देऊ नको."

हे त्यानं दहाव्यालाही सांगितलं होतं, नदीवर, सगळ्यांसमोर. हे गेले पहाटे, कापसाच्या सरी पाडायच्या म्हणून उठले आणि ओट्यावर बसले ते बसलेच. कल्याणला यायला तीन दिवस लागले. कुणी तेवढं थांबत नाही. अग्नी भारतनं दिला. कल्याण आला तेव्हा ओट्यावर यांच्या चपला होत्या, त्या त्यानं उचलून आत ठेवल्या, पुन्हा बाहेर आणल्या, पुन्हा आत ठेवल्या. मग म्हणाला, "वर्षश्राद्ध मी करीन. माझ्या हातानं."

त्यावरच माझं वर्ष चाललं आहे.

७ डिसेंबर

आता कळलं की त्यांच्या दोन स्पर्धा असतात. एक घरची. तिच्यात आयर्लंडचे, आजूबाजूच्या देशांचे आणि पार आफ्रिकेतलेही संघ असतात. दुसरी युरोपची, मानाची. जांभळे घरच्या स्पर्धेत मधेच कुठंतरी राहतात आणि युरोपच्या स्पर्धेतून जानेवारीत बाहेर पडतात, असं कल्याण म्हणतो. "आम्ही लहान संघ आहोत, आई. मे महिन्यात आमची माणसं मासे धरायला जातात." म्हणजे मे-जूनमध्ये तो मोकळा. ऐकून बरं वाटलं.

पण काल युरोपची पहिली मॅच होती, फ्रान्सच्या संघाशी, आणि जांभळे जिंकले. शेवटच्या क्षणी सात नंबर तीन माणसं अंगावर घेऊन रेषेपलीकडे पडला. मी टाळी वाजवली. खोलीत एकटीच्या टाळीचा आवाज फार वाईट येतो.

१८ जानेवारी

जांभळे युरोपमधून बाहेर पडले नाहीत. चारपैकी तीन जिंकले. आता पुढची फेरी एप्रिलमध्ये.

आज कल्याण खुशीत होता. मीही तिळाचं, थंडीचं, भारतच्या हरभऱ्याचं बोलत होते. मधेच त्यानं वडिलांचं विचारलं, "दादा कधी बघायचे का गं मॅच?"

मला आश्चर्य वाटलं. "कधी म्हणजे? एक सोडली न्हाई."

"पण मी फोन केला की ते उठून बाहेर जायचे. म्हणायचे, आईला दे."

"ते फोनवर बोलायला लाजायचे. तू गेलास तेव्हा तुला सोडायला आले न्हाईत, त्याचं त्यांना लागून राह्यलं होतं. मॅचला मात्र अर्धा तास आधी चष्मा पुसून बसायचे." मग मी त्याला भुजंग, संपत, अंगद सगळे सांगितले. तो हसला. मग सात नंबरचं सांगितलं. "त्याच्या गुडघ्याला पट्टी असते ना? तर तुझे दादा म्हणायचे, हा मी. तू त्याच्याजवळ पळत गेलास की म्हणायचे, बघ, आला माझा डॉक्टर."

तिकडून काही आवाज आला नाही. मी हॅलो हॅलो केलं. वाऱ्यासारखं काहीतरी ऐकू येत होतं, मग फोन बंद झाला. तिकडे हवामानामुळे रेंज जात असेल.

लहानपणी रोज संध्याकाळी कल्याण यांच्या गुडघ्याला तीळतेल चोळायचा. तेव्हाच तो म्हणायचा, मी हाडांचा डॉक्टर होणार.

८ फेब्रुवारी

घरच्या स्पर्धेतली मॅच. जिंकले. एक गोष्ट पाहिली. सात नंबर साधाच पडला होता, उठलाही होता, तरी कल्याण पळत गेला आणि त्याची पट्टी सोडून पुन्हा बांधली. पट्टी काही सुटली नव्हती. पंच उभा राहून वाट बघत होता. कल्याणला घाई नव्हती.

एवढा हळूबाईपणा बरा नाही. नोकरीचं काम आहे.

५ एप्रिल

युरोपमध्ये पुन्हा जिंकले. मीना आता संघात मुरली आहे. भुजंगला शिव्या देते. "अरे रेड्या, उठ की! जेवून झोपला का काय?"

१२ एप्रिल

पुन्हा जिंकले, आणि तेही इंग्लंडमध्ये जाऊन. आता उपांत्य फेरी. त्यांच्या गावात लोक रस्त्यावर नाचले म्हणे. कल्याणनं व्हिडिओ पाठवला, एक म्हातारी जांभळी टोपी घालून रडत होती. मला तिचा हेवा वाटला. तिचा संघ तिच्याच गावात आहे.

मी कल्याणला विचारलं, "मंग तू कधी?" तो म्हणाला, श्राद्धाची तिथी निज ज्येष्ठात, एकवीस जूनला. तोवर दोन्ही स्पर्धा संपतात. तिकीट काढून ठेवलं आहे.

यंदा ज्येष्ठ अधिक आला आहे, म्हणजे ज्येष्ठ दोनदा. आधी अधिक, मग निज. आम्ही सगळ्यांनी निजच धरला होता. धोंड्याच्या महिन्यात आपण कुठं काय करतो?

२० एप्रिल

काल अक्षय तृतीया. यांच्या नावानं पाण्याचा घडा द्यायचा म्हणून गुरुजींकडे गेलो. भारतनं सहज निजातली तिथी सांगितली, तर गुरुजींनी पंचांग मिटलं.

"पहिलं वर्षश्राद्ध निजात नाही येत. अधिकातच करायचं. बारा महिने तिथंच भरतात. दुसऱ्या वर्षापासून निजात."

भारत म्हणाला, "पण गुरुजी, धोंड्यात कार्य करत न्हाईत."

"शुभ करत नाहीत. हे शुभ आहे का?"

मी विचारलं, "मंग कधी येतंय?"

"अधिक ज्येष्ठ शुद्ध सप्तमी. तेवीस मे, शनिवार."

मला तिथंच कळलं. युरोपची अंतिम मॅच तेवीस मेला आहे. कल्याणनंच सांगितलं होतं. बाहेर आल्यावर मी भारतला म्हटलं, गुरुजींना पुन्हा विचार. तो पुन्हा आत गेला आणि लगेच बाहेर आला.

कल्याणला फोन केला. त्यानं तारीख दोनदा विचारून घेतली. मग म्हणाला, "उपांत्य फेरी हरलो तर प्रश्नच न्हाई, आई. त्या आठवड्यात मला सुट्टी मिळंल. जिंकलो तर…" पुढचं मी विचारलं नाही.

२४ एप्रिल

शुक्रवार. पिंपळगावला रेणुकामायेच्या दर्शनाला गेले. जीपमध्ये एवढी दाटी होती की नारळ मांडीवर धरून बसले.

देवीसमोर उभी राहिले आणि म्हणाले, आई, जांभळ्यांना हरव. माझं लेकरू येऊ दे. तुझी खणा-नारळानं ओटी भरीन.

दुसऱ्याचं वाईट मी आजवर देवाकडे मागितलं नव्हतं. पण खेळच तर आहे. कुणीतरी हरणारच की. बाहेर येऊन पायऱ्यांवर बसले तेव्हा ती व्हिडिओतली जांभळ्या टोपीची म्हातारी आठवली. तिनंही तिकडे तिच्या देवाकडे काही मागितलं असेल. आता दोघींचं भांडण देवांमध्ये लागलं.

३ मे

हरले.

कसं हरले ते लिहायला हवं, नाहीतर माझ्या मनात ते वेगळंच होत जाईल.

अर्धी मॅच होईपर्यंत जांभळे पुढे होते. मीना ओरडत होती, भारतही आला होता. मी गप्प बसून होते. मग सात नंबर चेंडू घेऊन पळाला, एकानं त्याला पुढून धरलं, तेवढ्यात दुसरा बाजूनं त्याच्या पायावर येऊन पडला. डावा गुडघा. पाय जिकडे वळत नाही तिकडे वळला. मीनानं तोंडावर पदर धरला.

या वेळी तो उठला नाही. इकडेतिकडे बघितलंही नाही.

कल्याण पळत गेला. बॅग वाटेतच टाकून दिली. गुडघ्यावर बसला आणि दोन्ही हातांनी त्याचा गुडघा धरून राहिला. कॅमेरा जवळ गेला. कल्याणचे ओठ हलत होते. एवढ्या वर्षांनी मी त्याला तसा बसलेला पाहिला, खाली मान घालून, दोन्ही हातांत गुडघा. पाठीमागं आमच्या ओट्याची भिंत असती तर काही फरक नव्हता.

स्ट्रेचरवरून नेलं. त्यानंतर जांभळे तुटून गेले. मोठ्या फरकानं हरले.

भारत म्हणाला, "चला, कल्याणचा रस्ता मोकळा झाला." त्याच्या मनात वाईट नव्हतं. मी आत जाऊन पाणी प्यायले.

४ मे

देवीनं माझं ऐकलं. मी फक्त हरव म्हटलं होतं. गुडघा मागितला नव्हता.

हे असते तर मी यांना सांगितलं असतं. हे म्हणाले असते, खेळात लागतं, येडी का तू. असं यांनी म्हणायला हवं होतं.

मीनाला नवसाचं सांगितलं. ती आधी माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "काकू, पर तुम्ही ओटी कशी भरणार?"

माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. चाळीस वर्षांची सवय. देवीसमोर उभं राहिलं की तोंडातून ओटीच निघते. मी सवाष्णीसारखा नवस बोलून बसले.

१० मे

कल्याणचा फोन. मी आधी आनंदानं म्हणाले, "कधीचं तिकीट बदललंस?"

"आई, ऐक. डेक्लनचं ऑपरेशन याच महिन्यात, एकवीसला आहे."

"कोण डेक्लन?"

"सात नंबर."

त्याचं नाव डेक्लन आहे. वर्षभरात मला माहीत नव्हतं. कल्याण सांगत होता. त्याची आई नाही, बाप लहानपणीच सोडून गेला, आजोबांनी वाढवलं, तेही गेल्या हिवाळ्यात वारले. ऑपरेशननंतरचे पहिले दिवस फार नाजूक असतात. "त्याला एकट्याला टाकून मी येऊ शकत न्हाई, आई."

मला राग आला. एवढं लिहून ठेवते की आला. मी म्हणाले, "तिकडे डॉक्टर न्हाईत का? नर्स न्हाईत? पगार घेणारी एवढी माणसं, त्यातला एक जण त्याच्याजवळ बसंल. तुझ्या बापाच्या श्राद्धाला कोण बसणार?"

तो म्हणाला, "भारतदादाला बसव."

"तूच म्हणाला होतास, दुसऱ्या कुणाला बसू देऊ नको."

"माहीत हाय मला." तिकडे राहून एवढी वर्षं झाली, पण आवाज भरून आला की आपली बोली निघते त्याच्या तोंडातून. "आई, तू मला सांगितलं न्हाई का, दादा त्याला काय म्हणायचे ते?"

मी म्हणाले, ते गमतीत म्हणायचे. त्याचा इथं काय संबंध?

फोन ठेवला त्यानं. बापाची गंमत ती गंमत, आणि बापाचं श्राद्ध ते श्राद्ध. परक्या पोराच्या गुडघ्यासाठी आपला माणूस असा अडकतो, हे मला समजत नाही. शिकून माणसं मऊ होतात आणि नेमकी नको तिथं मऊ होतात.

१७ मे

जांभळे घरच्या स्पर्धेत आठात आले. कसे आले कोण जाणे. तीस तारखेला उपांत्यपूर्व मॅच. मी बघणार नाही.

प्रेमबाई येऊन बसल्या होत्या, कापडाच्या दुकानवाल्या हीरालाल शेठच्या घरच्या. त्यांचे दोन मुलगे पुण्याला असतात. म्हणाल्या, "भाभी, एक बात सांगू? माझे तर दर दिवाळीला येतात. येतात, अन् मोबाईल बघून परत जातात. तुमचा निदान येत न्हाई तर तुम्ही त्याला मोबाईलमधी बघता."

हसायचं की रडायचं कळलं नाही. दोघी हसलो.

२३ मे

श्राद्ध झालं.

न्हावी सकाळीच आला. भारत अंगणात बसला. न्हाव्यानं डोकं भादरलं, मागे शेंडीपुरते केस ठेवले. मीना एरवी थट्टा केल्याशिवाय राहिली नसती, आज खाली मान घालून केस झाडत होती. पिंड झाले. गुरुजींनी यांचं नाव, यांच्या बापाचं, आज्याचं नाव घेतलं. भारतनं सगळं मनापासून केलं. त्याच्यात काही कमी नव्हती.

मी दारात बसून होते. कल्याणला दोनदा फोन लावला, मीनाच्या मोबाईलवरूनही लावला. उचलला नाही. दिवसभर उचलला नाही.

जेवणावळ झाल्यावर भारत हात धुऊन माझ्याजवळ आला. उन्हानं त्याचं डोकं लाल झालं होतं. "काकू, मी केलं ते पोचलं असंल ना?"

"पोचलं बाबा. तू अग्नी दिलास, तुझंच पोचणार."

त्याचं तोंड उजळलं. माझं मन मात्र त्या न उचललेल्या फोनमध्ये होतं. वर्ष असं संपलं.

३१ मे

बघणार नाही म्हणाले होते. काल मीनानंच लावलं. "काकू, भुजंगरावानं काय पाप केलं? त्याच्यासाठी तरी बघू."

तिकडे मोठा पाऊस. जांभळे सुरुवातीपासून मागे. कल्याण दिसला, तीच काळी टोपी. त्यांच्या बाकाजवळ कुबड्या घेऊन सात नंबर उभा होता, पायाला पार मांडीपर्यंत पट्टे. उभं राहायची परवानगी आहे का त्याला, हे पहिलं माझ्या मनात आलं. त्याच्यावरचा माझा राग कुठं गेला होता माहीत नाही.

दुसऱ्या अर्ध्यात मैदानाच्या कडेलाच संपत पडला. कल्याण बॅग घेऊन पळाला. चेंडूच्या मागून धावत येणारा एक गडी त्याच्या खांद्याला घासून गेला आणि कल्याणची टोपी उडाली.

मीना ओरडली, "अगं बाई! भाऊजी टकले!"

डोक्यावर एक केस नव्हता. पावसात डोकं चमकत होतं. तो संपतवर वाकला तेव्हा मागची बाजू दिसली. मीना मोबाईल डोळ्यांजवळ नेऊन हळू आवाजात म्हणाली, "काकू… शेंडी बी हाय."

खरंच होती. आठवड्याभरापूर्वी भादरलेल्या डोक्यावर मागे चार केसांची शेंडी. भारतच्या डोक्यावर आहे तशीच.

कुठं बसला असेल? पिंड कशाचे केले असतील, कुणी मंत्र सांगितले असतील? तिकडच्या न्हाव्याला शेंडी कशी समजावली असेल? आणि माझा फोन वाजत असताना तो कुठल्या पाण्याच्या काठाला उभा असेल?

तेवढ्यात कॅमेरा पुन्हा तिकडे गेला. सात नंबर कुबडीवर भार देऊन वाकायचा प्रयत्न करत होता. पट्ट्यातला पाय त्यानं सरळ बाजूला काढला, एका हातानं चिखलातली टोपी उचलली. कल्याण परत आला तेव्हा त्यानं ती मांडीवर आपटून झटकली आणि कल्याणच्या डोक्यावर ठेवली. ठेवून तळहात क्षणभर तसाच वर राहू दिला. कल्याण मान खाली घालून उभा होता.

जांभळे हरले. हंगाम संपला. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. मीना पदरानं मोबाईलची काच पुसत होती. काच कोरडी होती.

२ जून

इंग्रजी तारखेनं आज वर्ष. कल्याणनं स्वतःहून फोन केला. मी डोक्याचं विचारलं नाही, त्यानं सांगितलं नाही.

"जेवलीस का?"

"जेवले. तू?"

"जेवलो." मग थांबून म्हणाला, "आई, जूनचं तिकीट रद्द केलं. आता श्राद्ध तर झालं. डेक्लनला कुबड्यांशिवाय नीट चालायला हिवाळा येईल. त्याच्या घरीच राहायला गेलोय मी, जिना चढता येत न्हाई त्याला."

"तेल लावतोस का त्याला?"

"कुठलं?"

"तिळाचं. कोमट करून. तुझ्या दादांना लावायचास ते."

"टाके वाळल्यावर लावीन," तो म्हणाला. रेंज चांगली होती. मला त्याचा श्वास ऐकू येत होता.

"त्याला एकटं टाकू नको," मी म्हणाले. "डोकं उघडं ठेवून पावसात जात जाऊ नको."

फोन ठेवल्यावर ओट्यावर बसले. त्याला बोलावून घ्यायला माझ्याकडे एकच कारण होतं, आणि वर्षभर मी ते जपून ठेवलं होतं. त्यानं ते तिकडेच पूर्ण केलं. चांगलं केलं, बापाचं केलं. आता त्यानं यायचं ते कशासाठी? आई आहे, एवढंच. ते कारण कधीही चालतं, म्हणून ते नेहमी पुढे ढकलता येतं.

५ जून

शुक्रवार. नवस फेडायला पिंपळगावला गेलो. मागितलं ते मिळालं होतं, फेडणं भाग होतं. ओटी मीना भरणार असं ठरलं. खण, नारळ, तांदूळ, हळकुंड, सुपारी, हिरव्या बांगड्या, सगळं तिच्या पिशवीत.

गाभाऱ्यापुढे गेल्यावर तिनं पिशवी माझ्या हातात दिली.

"अगं, तू भर."

"नवस तुम्ही बोलल्या, मी काहून भरू?"

मागं उभी असलेली एक बाई माझ्या कपाळाकडे बघून म्हणाली, "असं चालत न्हाई, बाई. सवाष्णीनं भरावी."

मीना तिच्याकडे वळली. "मावशी, रेणुकामायेचा नवरा कोण होता? जमदग्नी. तो मारला गेला न्हाई का? मंग मायेला काय म्हणता तुम्ही? तिला पण मागच्या रांगेत उभी करा."

पुजाऱ्यानं दुसरीकडे पाहिलं. मी ओटी भरली. हिरव्या बांगड्या सगळ्यात शेवटी ठेवल्या.

आता मागायचं असं काही ठरवलं नव्हतं. कल्याणला आण, असं तोंडाशी आलं होतं. ते मागितलं नाही. एकदा मागून पाहिलं होतं. म्हणाले, आई, तिकडच्या त्या पोराचा गुडघा बरा कर.

मीना कानाशी म्हणाली, "नाव घ्या काकू. देवीला नंबर कळत न्हाई."

त्याचं परदेशी नाव मी फोनवर ऐकलं होतं, वहीतही लिहिलं होतं. त्या क्षणी काही केल्या आठवेना. मागे रांग होती. पुजारी थांबला होता. मला एकच नाव येत होतं.

उखाणा नव्हता, पुढंमागं कसलं यमक नव्हतं. मी नुसतं नाव घेतलं.

"बद्रीनाथ," मी म्हणाले. "बद्रीनाथचा गुडघा बरा कर."